सळई तशीच राहू द्या

आमच्या घरच्या लग्नकार्यात माझी ओळख करून देताना धाकट्या दिरांची नेहमी पंचाईत व्हायची. मी सर्जन आहे एवढ्यावर कुणाचं समाधान होत नसे. समोरचा विचारायचा, "कशाच्या?" हृदयाच्या, मेंदूच्या, निदान मूळव्याधीच्या तरी असाव्यात अशी त्याची अपेक्षा असायची. शेवटी एकदा वैतागून दीर म्हणाले, "वहिनी भोसकलेल्यांच्या डॉक्टर आहेत." पंगतीत हशा पिकला, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. सोलापुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात माझी नोकरीतली बहुतेक वर्षं अपघात विभागात गेली. माझ्याकडे येणाऱ्या माणसाच्या अंगात बहुधा काहीतरी घुसलेलं असायचं. चाकू, विळा, कात्री, फुटकी बाटली, दाराची काच, कधी बैलाचं शिंग.

मी वाढले भवानी पेठेत. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि पलीकडच्या बोळात दखनी. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा जो लाकडी धोटा असतो, त्याच्या दोन्ही टोकांना पोलादी नाक असतं. एखाद्या वेळी तो वाट सोडून उडतो आणि समोर जे असेल त्यात शिरतो. कारखान्यात जेवणाचा डबा द्यायला गेले की वडील मला मागाच्या बाजूला उभं राहू द्यायचे नाहीत, भिंतीशी उभं करायचे. टोकदार वस्तू वेगात आली की काय करते, हे मला कॉलेजात जाऊन नव्यानं शिकावं लागलं नाही.

पण कॉलेजात जे शिकले ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढची हकीकत समजायला सोपी जाईल. कापलेली जखम आणि घुसलेली जखम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कापलेली जखम लांब असते, रक्त भळाभळा वाहतं, बघणाऱ्याला चक्कर येते. ती जे काही बिघडवते ते डोळ्यांसमोर बिघडवते. घुसलेल्या जखमेचं तोंड लहान असतं. बरगडीजवळ एखादी चीर, तिच्यावर रक्ताचा एक ठिपका, आणि माणूस आपल्या पायांनी चालत येऊन म्हणतो, "एक टाका मारून सोडा, कामावर जायचंय." आत मात्र फुफ्फुस फाटलेलं असतं, नाहीतर पोट रक्तानं भरत चाललेलं असतं. म्हणून आम्ही जखमेकडे कमी आणि माणसाकडे जास्त बघतो. नाडी किती धावतेय, श्वास कसा चाललाय, हातपाय गार पडलेत का, ओठ पांढरे झालेत का. वस्तू कोणती, लांबी किती, कुठल्या बाजूनं आली, हे विचारतो. खरं उत्तर क्वचित मिळतं. पोलीस केस होणार हे माहीत असल्यामुळे सोलापुरात सगळे जण "पडलो" असंच सांगतात. कुणी जिन्यावरून पडतं, कुणी मोरीत. एकदा दोन मित्र आले होते. एकाच्या मांडीत सुरी लागलेली, दुसऱ्यानं त्याला स्कूटरवरून आणलेलं. दोघं दारातच जोरजोरात भांडत होते. विषय काय, तर तू वाकड्या रस्त्यानं का आणलंस, स्टेशनकडून आलो असतो तर लवकर पोचलो असतो. सुरी ज्यानं मारली तोच त्याला घेऊन आला होता, हे आम्हाला टाके घालून झाल्यावर कळलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अंगात घुसलेली वस्तू कुणी उपसायची नाही. हे लोकांना पटत नाही, कारण सुरी किंवा सळई दिसली की ती आधी बाहेर काढावी असंच प्रत्येकाला वाटतं. तीच तर दुखवतेय, असं वाटतं. पण आत जिथं तिनं रक्तवाहिनी फाडलेली असते, तिथंच ती बुचासारखी घट्ट बसलेली असते. उपसली की बूच निघालं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका माणसाला त्याच्या भावानं आणलं होतं. भावानं सुरी काढून, स्वच्छ धुऊन, रुमालात बांधून सोबत आणली होती. डॉक्टरांना बघायला लागेल म्हणून. माणूस पोचला तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. तो भाऊ रुमाल पुढे करून उभा होता, आणि तो कुणी घ्यायचा हे आम्हाला कळेना. त्याला खरं कारण मी कधीच सांगितलं नाही. सांगून त्याचं काय भलं झालं असतं?

आता सुलोचनाची गोष्ट सांगते.

उसाचा हंगाम चालू होता. दुपारची वेळ. ओपीडी संपवून मी डबा उघडत होते, तेवढ्यात श्रीपूरकडच्या एका आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मुजावरांचा फोन आला. मुजावर माझ्याच हाताखाली शिकलेले, स्वभावानं शांत. पण त्या दिवशी त्यांचा आवाज मुद्दाम शांत ठेवलेला वाटला. ते उसाच्या फडातूनच बोलत होते. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात आणि त्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. अशाच एका जोडीतली बायको, सुलोचना, डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढली होती. मोळी टाकताना तिचा पाय उसावरून निसटला आणि ती कडेला कोसळली. ऊस सरकू नये म्हणून ट्रॉलीच्या कडेला लोखंडी सळया उभ्या करतात. त्यातल्या एका सळईचं टोक झिजून तिरकं, अणकुचीदार झालं होतं. ते तिच्या डाव्या बरगड्यांच्या खालच्या अंगाला आत शिरलं. ती तशीच अडकलेली होती आणि चौघापाच जणांनी खालून तिला तोलून धरलं होतं.

"बाई शुद्धीवर आहे," मुजावर म्हणाले. "नाडी जोरात पळतेय. सगळे तिला वर उचलून सळईतून सोडवायचं म्हणताहेत. मी अडवलंय, पण नवरा ऐकायला तयार नाही."

मी त्यांना फोन नवऱ्याच्या कानाला लावायला सांगितला. त्याचं नाव भागवत. वैरागजवळच्या एका खेड्यातले होते दोघं. मी सोलापूरहून डॉक्टर बोलतेय आणि सळई काढायची नाही, एवढंच आधी सांगितलं.

"तिला सोसंना झालंय वो, म्याडम," तो म्हणाला. "लई वरडायलीया. नुसती वर उचलली तरी सुटंल ती."

"सुटेल, आणि तिथंच जाईल," मी म्हणाले. इतकं कठोर बोलायची माझी पद्धत नव्हती. पण समजुतीला वेळ नव्हता आणि तो रुमाल माझ्या डोळ्यांपुढे होता. "आत रक्ताची नळी फाटली असणार, आणि ती त्या सळईनंच दाबून धरलीय. तुम्ही सळई काढलीत तर मला काही करता येणार नाही. आहे तशी तिला माझ्यापर्यंत आणा."

फोनवर तिकडचं सगळं ऐकू येत होतं. ट्रॅक्टर चालू होता. लोकांचा कालवा होता आणि त्यातून एका बाईचं कण्हणं येत होतं. मग तो म्हणाला, "तुमी काढणार नव्हं?"

"मी स्वतः काढते."

"मग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "धरतो मी तिला."

मी पुढे कितीतरी वेळा विचार केला आहे की त्यानं माझं का ऐकलं. त्यानं मला कधी पाहिलं नव्हतं. समोर बायको गयावया करतेय, भावकीतली माणसं ओरडताहेत, आणि लांबच्या गावातून कुणीतरी बाई सांगतेय की काही करू नका. काही न करणं हे किती अवघड काम असतं, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

पुढचं सगळं मुजावरांनी केलं. साखर कारखान्यातून कुणीतरी गॅस कटर आणायला पळालं होतं. त्याला त्यांनी परत पाठवलं, कारण सळई तापली असती तर तीच आच बाईच्या पोटात गेली असती. लोखंड कापायची हातकरवत मागवली. दोघांनी सळई वरून घट्ट धरली, एक जण पाणी ओतत राहिला आणि सळई ट्रॉलीच्या बाजूनं हळूहळू कापली. अंगाबाहेर राहिलेला तुकडा हलू नये म्हणून काय करायचं ते मी फोनवरून सांगितलं. टोळीतल्या बायकांना फार समजावावं लागलं नाही. डोक्यावर ओझं घेताना जशी कापडाची चुंबळ करतात, तशी जाड चुंबळ करून सळईभोवती बसवा आणि वरून लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधून टाका, म्हटल्याबरोबर त्यांनी ती केली. तिथून पुढं इतकी वर्षं मी विद्यार्थ्यांना ही बांधणी शिकवताना चुंबळ हाच शब्द वापरत आले.

ॲम्ब्युलन्स निघाली. आमच्याकडे मी रक्त मागवून ठेवलं, भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावून घेतलं आणि वाट बघत बसले. पोट आणि छाती दोन्ही उघडावी लागण्याची शक्यता होती, त्यामुळे तिला थेट सोलापूरलाच आणणं भाग होतं आणि रस्ता लांबचा होता. मुजावर तिच्यासोबत होते. त्यांनी सलाईन चालू ठेवलं, पण बेतानंच. रक्तदाब एकदम वाढवला तर आतला रक्तस्राव वाढतो. दुखणं थांबवणारं औषधही थोडंच दिलं, कारण जास्त दिलं तर आधीच दमलेला श्वास मंदावला असता. आणि पाणी तर द्यायचंच नव्हतं. ऑपरेशनच्या टेबलावर उलटी होऊन ती फुफ्फुसात गेली तर बाकी सगळं केलेलं वाया जातं. ही सगळी कारणं योग्य होती. पण त्या गाडीत आडव्या पडलेल्या बाईच्या बाजूनं पाहिलं तर एवढंच दिसत होतं, की तिला मरणाचं दुखतंय, घशाला कोरड पडलीय आणि तिचा नवरा तिला सळई काढू देत नाही, पाणी देत नाही, वर तिचे दोन्ही हात आवळून बसलाय.

ती पोचली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. सळईमुळे तिला पाठीवर सरळ झोपवता येत नव्हतं. उशा लावून, थोडी उजव्या कुशीवर कलती ठेवून भूल दिली. आधी छातीत नळी घातली, तिच्यातून हवा आणि थोडं रक्त आलं. मग पोट उघडलं. सळई शेवटच्या बरगड्यांच्या मधून, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यातून खाली उतरली होती आणि तिचं टोक पाणथरीत रुतलं होतं. पाणथरी म्हणजे प्लीहा. मुठीएवढा मऊ अवयव असतो, पण त्यात रक्त खूप खेळतं. भोक पडलं होतं आणि त्या भोकात सळई घट्ट बसलेली होती. पाणथरीला जिथून रक्त येतं तो देठ आधी बोटांत पकडला, चिमटा लावला आणि मग सळई मी स्वतः ओढून काढली. चिमटा लावलेला असूनसुद्धा साठलेलं रक्त बाहेर उसळलं. हेच रक्त त्या फडात उसळलं असतं. पाणथरी काढून टाकावी लागली. तिच्याशिवाय माणूस जगतो, फक्त काही लशी घ्याव्या लागतात आणि ताप अंगावर काढायचा नाही. पडद्याचं भोक शिवलं, आतडं सगळं तपासलं, पोट धुऊन काढलं. जखमेत उसाच्या पाचटाचे आणि तिच्या झंपराचे तुकडे सापडले. घुसलेली वस्तू एकटी कधी येत नाही. सोबत कपडा, माती, गंज घेऊन येते, म्हणून सळईची वाट मोकळीच ठेवली, तिला टाके घातले नाहीत.

बाहेर आले तर भागवत भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला. मी सांगितलं की ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण अजून काही दिवस धोका आहे. त्यानं विचारलं, "काढली का?" मी म्हणाले, "काढली." त्यानं मान हलवली आणि दुसरीकडे तोंड केलं.

सुलोचना सावरत गेली. तब्येतीच्या मानानं चांगली सावरली, पण नवऱ्याशी बोलेना. तो खाटेजवळ आला की भिंतीकडे कूस वळवायची. पोटावर एवढी जखम असताना कूस वळवणं काय असतं ते मला माहीत आहे, तरी वळवायची. आमच्या वॉर्डच्या विमल सिस्टरांनी तिला बोलतं करायचा प्रयत्न केला. तेव्हा ती म्हणाली, की मी पाया पडत होते, घोटभर पाणी मागत होते, तर ह्या माणसानं तोंड फिरवलं. वैऱ्यानं तरी दिलं असतं. मी तिला पुन्हा पुन्हा समजावलं. पाणी मी देऊ दिलं नाही, सळई मी काढू दिली नाही, त्यानं फक्त माझं ऐकलं. ती माझ्याकडे नीट बघून ऐकायची, "व्हय" म्हणायची, आणि तो आला की पुन्हा भिंतीकडे. तिच्या डोक्याला सगळं पटलं होतं. पण दुखलं होतं ते तिला, आणि त्या वेळी समोर मी नव्हते, तो होता.

दोन-तीन दिवसांनी विमल सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, त्याच्या हाताला वास येतोय." मी भागवतला बोलावलं. टॉवेल सोडायला तो तयार नव्हता. उसाचा कोयता लागलाय, जुनंच आहे, म्हणत होता. शेवटी सोडला. अंगठ्याच्या खालचा सगळा भाग सुजून तांबडालाल झाला होता आणि पू दिसत होता. कोयत्याची जखम मी आयुष्यात कितीतरी पाहिली, ही तशी नव्हती. दोन अर्धगोल होते, एकासमोर एक. दातांचे.

"गाडीत?" मी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "तिला कळत नव्हतं वो. आन् मी हात काढला आसता तर तिनं ती सळई धरली आसती." मग लगेच, "तिला सांगू नगा, म्याडम."

माणसाचा चावा हीसुद्धा घुसलेलीच जखम असते, आणि अत्यंत घाण. कुत्र्याच्या चाव्याला लोक घाबरतात, माणसाच्या चाव्याकडे कुणी बघत नाही. वरून बारीक भोकं दिसतात आणि तोंडातले जंतू खोल, स्नायूबंधांपर्यंत जाऊन बसतात. आणखी थोडे दिवस त्यानं तो टॉवेलात लपवला असता तर अंगठा हातातून गेला असता. मी त्याला भरती करून घेतलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, औषधं चालू केली आणि जखम उघडून धुवायला ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं.

तिला सांगू नका असं तो म्हणाला होता आणि मी त्याला तसा शब्द दिला नव्हता. मी वॉर्डात गेले. सुलोचनाला काय आहे ते सरळ सांगितलं.  ती हाताचा आधार घेत उठून बसली. मग विमल सिस्टरांना म्हणाली, "मला तितं न्या."

तिला चाकाच्या खुर्चीवरून नेलं, छातीची नळी आणि तिची बाटली मांडीवर घेऊन. भागवत तिला पाहून हात मागे घ्यायला लागला. तिनं तो हात ओढून घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "सांगायचं न्हाय व्हय?"

"काय सांगायचं?" तो म्हणाला. "तुला आदीच लई झालं हुतं."

ती रडली नाही. "धुवा तुमी," असं मला म्हणाली आणि धुऊन होईपर्यंत तिथंच बसली. जखम धुताना फार झोंबतं. त्यानं दात आवळले, पण आवाज केला नाही. सगळं झाल्यावर तिनं सिस्टरांकडे पाणी मागितलं. सिस्टरांनी पेला तिच्या हातात दिला. तिनं तो आधी त्याच्यापुढे धरला.

दोघांची सुट्टी एकाच सकाळी झाली. जाताना भागवतनं डाव्या हातानं पिशवी सावरत "जय भीम, म्याडम" केलं. मी उत्तर दिलं. त्यानंतर त्यांच्याबद्दल मनात एक रुखरुख राहिली. बाई वाचली, हात वाचला, हे खरं. पण पोट उघडलेल्या बाईला मोळी उचलता येणार नव्हती, आणि तोडणीच्या टोळीत एकट्या माणसाला जागा नसते, जोडीच लागते. आम्ही माणूस शिवून देतो. त्याचं काम आम्हाला शिवता येत नाही, आणि आमच्याकडे तो विचार करायला कुणाला सवडही नसते. तपासणीला ती दोनदा आली, लशी घेऊन गेली, मग आली नाही.

निवृत्तीनंतर मागच्या वर्षी मी बार्शीला एका नातलगाकडे चालले होते. वैरागला बाजाराचा दिवस होता म्हणून गाडी थांबवली. भाजीवाल्यांच्या रांगेत एका बाईनं हाक मारली, "डॉक्टरीणबाई!" सुलोचनाच होती. अंगानं भरली होती. पुढ्यात वांगी, शेवगा आणि कापून ठेवलेला भोपळा. भागवत तिथंच धान्याच्या अडतीवर हमाली करतो म्हणाली. ऊस सोडला तो सोडलाच. मी निवृत्त झाल्याचं सांगितलं आणि ताप अंगावर काढत नाहीस ना, असं विचारलं. नाही म्हणाली, शिंक आली तरी ह्ये मला दवाखान्यात न्यायला निघत्यात. मग स्वतःच म्हणाली, "थंडीत त्यांच्या आंगठ्याला अजून कळ येती. काय बोलत न्हाईत, पर मला कळतंय की."

मला द्यायला म्हणून तिनं भोपळ्याची मोठी फोड घेतली आणि बोलता बोलता तिचे तुकडे करू लागली. फोड मांडीवर, सुरीची धार सरळ पोटाकडे. माझ्यानं राहवलं नाही. "अगं, धार पोटाकडं करून कापू नकोस. एवढं होऊनसुद्धा?"

ती हसली. "आता रिटायर झालाव न्हवं तुमी?" असं म्हणून तिनं सुरी फिरवली आणि फोड खाली फळीवर ठेवून मी म्हटलं तशी कापू लागली. मी गाडीत येऊन बसले. गाडी निघताना काचेतून मागं पाहिलं, तर फोड पुन्हा मांडीवर होती.